पशुधन सल्ला : कामाचा, गरीब स्वभावाचा घोडा विकताना

प्रश्न : गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आमचे सुपारीचे कुळागर आहे, वर डोंगरउतारावर काजूची बागायत आहे आणि गोठ्यात पंधरा-वीस गुरे आहेत. या पसाऱ्यात फिरण्यासाठी बऱ्याच वर्षांपूर्वी बेळगावकडून आणलेला एक कुमैत (तांबूस-तपकिरी अंगाचा, काळ्या आयाळीचा) घोडा आमच्याकडे आहे. तो खच्ची केलेला असून त्याचे नाव तुफान आहे. सकाळी गुरे वर चरायला काढणे, सायंकाळी ती वळवून आणणे, हंगामात काजूबियांची पोती खाली उतरवणे आणि सुटीत आलेल्या नातेवाइकांना रानवाटेने फिरवून आणणे, ही सर्व कामे तो न कुरकुरता करतो. आता माझे गुडघे साथ देत नाहीत, मुलगा बोटीवर नोकरीला आहे आणि घरात दुसऱ्या कोणाला घोड्याची सवय नाही, म्हणून तो चांगल्या ठिकाणी द्यावा असे ठरवले आहे. किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणाऱ्या एका गृहस्थांनी तो मागितला आहे. शेजारी म्हणतात की जाहिरातीत ‘अत्यंत गरीब, कोणीही बसावे’ एवढेच लिहा, बाकीचे घेणारा बघून घेईल. पावसाळ्यात त्याच्या खुरांना वास येतो आणि वाऱ्याने फडफडणाऱ्या प्लॅस्टिकला तो बुजतो, हे सांगावे की सांगू नये? किंमत कशी ठरवावी आणि कागदपत्रे कोणती लागतात? घोड्याची उंची ५८ इंच, छातीचा घेर १६५ सें.मी., खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी १५० सें.मी. आणि वय अंदाजे १२ वर्षे आहे.
— एक वाचक, सत्तरी

उत्तर : आपण मापे कळवलीत हे फार चांगले केलेत. घोडा विकणारे बहुतेक लोक रंग, पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंड पांढरे) आहे की नाही आणि अंगावरील केसांचे भोवरे कुठे आहेत एवढेच लिहून पाठवतात, आणि ज्यावरून घोड्याचे पुढचे आयुष्य ठरायचे ते माप कोणी घेत नाही.

छातीच्या घेराचा वर्ग करून त्याला लांबीने गुणावे आणि येणाऱ्या संख्येला ११,८८० ने भागावे, म्हणजे घोड्याचे अंदाजे वजन किलोमध्ये मिळते. आपल्या मापांवरून ते ३४४ किलोच्या आसपास येते. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या साधारण २० टक्क्यांपर्यंत भार असावा, असा जो सर्वसाधारण संकेत आहे त्याप्रमाणे तुफानच्या पाठीवर ६९ किलोपर्यंत भार योग्य ठरेल, आणि त्यातून खोगिराचे आठ-दहा किलो वजा केले की स्वार साठ किलोच्या घरातलाच हवा. घोडा तब्येतीने भरलेला आणि पाठीने आखूड असेल तर थोडा वेळ याहून काही अधिक पेलतो, पण दिवसभर नाही. ‘कोणीही बसावे’ हे वाक्य म्हणूनच चुकीचे आहे. नव्वद किलोच्या गृहस्थांना तो निमूटपणे पाठीवर घेईलही, कारण तो गरीब आहे. मात्र पाठ दुखल्याचे तो त्या दिवशी सांगणार नाही. काही महिन्यांनी खोगीर घालताना तो कान मागे टाकू लागेल आणि मग नवा मालक म्हणेल की घोडा खोडकर निघाला.

किनाऱ्यावरच्या गृहस्थांविषयी माझे मत स्पष्ट आहे. त्यांचा तबेला, सावली आणि पाण्याची सोय स्वतः जाऊन पाहिल्याशिवाय, आणि दिवसाला किती फेऱ्या, किती वजनाची माणसे, हे विचारल्याशिवाय घोडा देऊ नये. कोरड्या, भुसभुशीत वाळूत पाय रुतत असल्यामुळे पायांच्या मागच्या कंडरांवर (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांवर) ताण पडतो, आणि आपल्या दमट हवेत काही घोड्यांचा घाम येणेच बंद होते, तेव्हा त्यांचे अंग तापत राहते. भर उन्हात कष्ट करूनही अंग कोरडे आणि श्वास मात्र जलद, असा घोडा दिसला की ते आजाराचे लक्षण समजावे. कुळागराच्या सावलीत वाढलेल्या बारा वर्षांच्या जनावराला तिथे धाडणे मला तरी रुचत नाही. विकणाऱ्यालाही गिऱ्हाईक नाकारण्याचा हक्क असतो, हे आपल्याकडे लोक विसरतात.

आता सांगावे की सांगू नये या प्रश्नाकडे वळू. योगायोग असा की आपल्या देशाच्या करार कायद्यात नेमके घोड्याचेच उदाहरण आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७ मध्ये कपट कशाला म्हणावे हे समजावताना म्हटले आहे की, घोडा सदोष आहे हे माहीत असूनही विक्रेत्याने तो लिलावात विकला आणि दोषाविषयी तो नुसता गप्प राहिला, तर ते कपट ठरत नाही. आपल्या शेजाऱ्यांचा सल्ला इथवर कायद्याला धरून आहे. पण त्याच कलमात पुढे असेही उदाहरण आहे की, घेणारा म्हणाला, ‘तुम्ही नाकारले नाहीत तर घोडा निर्दोष आहे असे मी धरून चालेन’, आणि त्यावर विक्रेता गप्प राहिला, तर ते मौन बोलण्याइतकेच धरले जाते. व्यवहारात असा प्रश्न प्रत्येक गिऱ्हाईक कोणत्या ना कोणत्या शब्दांत विचारतोच. शिवाय ‘कोणीही बसावे’ असे आपण लिहून दिलेत, तर ते आपले विधान ठरते, आणि उद्या एखादे मूल पडले की गप्प राहण्याची सवलत आपल्या कामी येणार नाही. तेव्हा सांगावे, आणि विसार घेण्यापूर्वी सांगावे. दोष आधी कळला तर गिऱ्हाईक किमतीत घासाघीस करतो, पण नंतर कळला तर तो घोडाच परत आणून बांधतो.

सांगण्यातही नेमकेपणा हवा. ‘प्लॅस्टिकला बुजतो’ एवढ्याने घेणाऱ्याला काहीच कळत नाही. बुजल्यावर तुफान जागीच थबकून नाकातून फुरफुरतो, एखादे पाऊल बाजूला सरकतो, गर्रकन मागे वळतो की भरधाव सुटतो, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. थबकून पाहणारा घोडा घरच्या माणसांना चालतो, सुटणारा चालत नाही. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला जवळपास सभोवारचे दिसते, फक्त कपाळाच्या अगदी समोर आणि शेपटीच्या थेट मागे दिसत नाही. त्यामुळे पावसाळ्यापूर्वी घरांवर आणि लाकडांच्या राशींवर घातलेले निळे प्लॅस्टिक बाजूने एकदम उडाले की बहुतेक घोडे दचकतातच. गिऱ्हाईक आल्यावर असे एक प्लॅस्टिक मुद्दाम कुंपणाला बांधून ठेवा आणि तुफान काय करतो ते त्याला डोळ्यांनी पाहू द्या.

खुरांचेही तसेच. खूर उचलून तळ पाहिला की मधोमध त्रिकोणी, रबरासारखा मऊ भाग दिसतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना खोल चिरा असतात. चिखल, शेण आणि मूत्र या चिरांत साचून राहिले, हवा लागली नाही, की तिथे कुजणे सुरू होते आणि काळे, चिकट, उग्र वासाचे द्रव्य निघते. ज्या गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मि.मी. पाऊस पडतो तिथे जून ते सप्टेंबरमध्ये हे होणे नवलाचे नाही. रोज हुकाने चिरा कोरून साफ करणे, उभे राहण्याची जागा कोरडी ठेवणे आणि पशुवैद्यांनी दिलेले औषध लावणे, एवढ्याने ते बहुधा आटोक्यात येते. अंगठ्याने दाबल्यावर घोडा पाय हिसकावत असेल तर मात्र कुजणे आत गेले आहे असे समजून आधी उपचार करा, विक्रीचे नंतर पाहा. माझ्या मते विक्री नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान करावी. तेव्हा खूर कोरडे असतात, जांभ्यावरचे शेवाळ वाळलेले असते, व्हाळांचे पाणी उतरलेले असते आणि रानवाटांवर फिरणाऱ्यांची हौसही याच दिवसांत जागी होते. घेणारा घाटमाथ्यावरचा, कोरड्या मुलखातला असेल तर हा त्रास त्याला फारसा होणारही नाही, पण पावसाळ्यातील खुरांची गोष्ट त्यालाही सांगावी.

जाहिरात साधारण अशी असावी : ‘विकणे आहे. कुमैत घोडा, खच्ची, वय सुमारे १२, उंची ५८ इंच, वजन अंदाजे ३४४ किलो. गुरांमागे चालण्याची, पोती वाहण्याची आणि डोंगरवाटेची अनेक वर्षांची सवय. एकटाही चालतो, इतर घोड्यांच्या मागेही चालतो. साठ किलोपर्यंतच्या स्वारास योग्य. फडफडत्या प्लॅस्टिकला थबकतो. पावसाळ्यात खुरांची रोज निगा लागते. शर्यत, वरात व किनाऱ्यावरील भाड्याच्या फेऱ्यांसाठी देणे नाही.’ यातले जे वाक्य तुफानला लागू नसेल ते गाळा. नाव जाहिरातीत नसले तरी चालेल. तुफान नावाचा गरीब घोडा म्हटल्यावर लोक आधी हसतील आणि मग संशय घेतील.

कामाचा घोडा म्हणजे काय, याची कल्पना मुलुखाप्रमाणे बदलते. अमेरिकेतील गुरांच्या मोठ्या मळ्यांवर क्वार्टर हॉर्स जातीचा घोडा कळपातले वासरू वेगळे काढतो आणि स्वाराने फेकलेला दोर खोगिराच्या खुंटीला गुंडाळला की तो ताणून धरून उभा राहतो. आपल्याकडे घोड्याला इतके करावे लागत नाही. म्हशीने शिंगे हलवली तरी न दचकणे, स्वार फाटक उघडायला किंवा पोफळीची पडलेली झावळी उचलायला उतरला तर लगाम सोडलेल्या अवस्थेतही जागा न सोडणे, आणि पोत्यांचा भार घेऊन उतार उतरताना घाई न करणे, ही आपल्याकडची परीक्षा आहे. तुफान हे करतो असे आपल्या पत्रावरून दिसते, तेव्हा गिऱ्हाइकाला घोडा मोकळ्या अंगणात गोल फिरवून दाखवण्यापेक्षा गुरे सोडण्याच्या वेळीच बोलवा.

त्या दिवशी घोडा आधी दमवून ठेवू नका, अंघोळ-खराराही करू नका. दलालांच्या ज्या युक्त्या प्रसिद्ध आहेत, म्हणजे गिऱ्हाईक येण्यापूर्वी तासभर पळवून आणणे, वेदनाशामक टोचून लंगडणे झाकणे किंवा गुंगीचे औषध देऊन तापट घोड्याला गाय करणे, त्या आज घेणाऱ्यांनाही ठाऊक असतात; खोगिराखालचा ओलसर घाम, डोळ्याच्या कोपऱ्यातून पुढे सरकलेला तिसरा पडदा, लोंबलेला खालचा ओठ ही चिन्हे जाणकार लगेच ओळखतो. घोडा ठाणावर बांधलेला असताना गिऱ्हाइकाला बोलावून मोरकी घालण्यापासून सर्व काही त्याच्यासमोर करा. तंग आवळताना तो पोट फुगवतो का, रिकिबीत पाय ठेवल्यावर स्थिर उभा राहतो का, घरापासून एकटा निघताना कुरकुरतो का, हे त्याला दिसू द्या. नंतर कठीण जमिनीवर दुडकी चालवा. पुढचा दुखरा पाय टेकताना घोडा डोके वर उचलतो, आणि ही खूण पळवण्यात दिसत नाही, दुडकीतच दिसते. आधी आपल्या घरच्या सवयीच्या माणसाने बसावे, मग घेणाऱ्याने स्वतः बसावे. जो गृहस्थ स्वतः न बसता, खुरांना हात न लावता, केवळ भोवरे पाहून सौदा करू पाहतो, त्याला घोड्याचा उपयोग कशासाठी आहे हे आणखी एकदा विचारून घ्या.

वयाचा पुरावा दातांत असतो. पाच वर्षांच्या सुमारास समोरचे सर्व पक्के दात आलेले असतात, म्हणून त्यानंतर वय सांगण्यात लबाडीला वाव मिळतो. वरच्या जबड्यातील समोरच्या दातांपैकी कोपऱ्याच्या दातावर, हिरडीजवळ, दहाव्या वर्षाच्या आसपास एक तपकिरी उभी खाच दिसू लागते, पंधराव्या वर्षी ती अर्ध्या दातापर्यंत येते आणि विसाव्या वर्षी पूर्ण दातभर असते. हा अंदाज आहे, दाखला नव्हे. पण तुफान घेताना सांगितलेले वय खरे होते का, हे आपल्यालाही त्यावरून पडताळता येईल, आणि खाच अर्ध्यावर आलेली असेल तर जाहिरातीतला बाराचा आकडा बदलावा लागेल.

कागदपत्रांत सर्वांत महत्त्वाचा आहे तो ग्लँडर्स या रोगाच्या रक्ततपासणीचा अहवाल. हा जिवाणूजन्य रोग घोड्यांकडून माणसांना होऊ शकतो, त्याची सूचना सरकारला देणे २००९ च्या जनावरांतील संसर्गजन्य रोग प्रतिबंधक कायद्याने बंधनकारक आहे, आणि रोग निश्चित झाल्यास घोडा नष्ट करावा लागतो. हरियाणातील हिसार येथे घोडवर्गीय जनावरांचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे आणि या तपासणीचे काम तिथे होते. नमुना पाठवण्यासाठी तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात, म्हणजेच पशुसंवर्धन व पशुवैद्यकीय सेवा संचालनालयाच्या यंत्रणेकडे विचारणा करा आणि अहवाल येण्यास वेळ लागतो हे धरून चाला. धनुर्वाताची लस दिल्याची नोंद सोबत असावी, कारण घोड्याला हा रोग चटकन होतो. वाहनातून नेताना घोडा प्रवासाला योग्य असल्याचा पशुवैद्यांचा दाखलाही लागतो.

किमतीविषयी फार लिहीत नाही. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत किंवा अकलूजच्या बाजारात ज्या घोड्यांचे आकडे वर्तमानपत्रांत छापून येतात, ते बहुतेक मारवाडी किंवा काठियावाडी जातीचे, उंच, दिसण्यावर विकले जाणारे घोडे असतात, आणि छापलेली किंमत मागितलेली असते की मिळालेली, हेही बातमीत नसते. तिच्याशी आपल्या घोड्याची तुलना करू नका. त्याची किंमत त्याने न घाबरता केलेल्या कामाची आहे. चंदी, वैरण, नालबंद आणि औषधे यांवर वर्षाला किती खर्च होतो तो मात्र घेणाऱ्याला खराखुरा सांगा, कारण ज्याला तो परवडणार नाही त्याने चांगली किंमत दिली तरी घोड्याचे हाल व्हायचेच.

सौद्याच्या कागदावर दोन गोष्टी स्पष्ट लिहा. पहिली, घोडा पसंतीच्या अटीवर नेऊ देणार असाल तर किती दिवसांत परत करायचा आणि तोवर खर्च कोणाचा. १९३० च्या मालविक्री अधिनियमाच्या कलम २४ प्रमाणे ठरलेली मुदत उलटून गेली आणि घेणाऱ्याने नापसंती कळवली नाही, तर माल त्याचा झाला असे धरले जाते. दुसरी, वाटेतली जोखीम कोणाची. वेगळे काही ठरले नसेल तर मालकीबरोबर जोखीमही जाते, पण मालकी अंगणात बदलली की चोर्ला घाट चढून पलीकडे गेल्यावर, यावर वाद होतात. आपल्या या भूमीला असे वाद नवे नाहीत. सोळाव्या शतकात अरबस्तान आणि होर्मुझकडून आलेले घोडे गोव्यातून विजयनगरला जात, आणि फर्नाव नुनिश या घोड्यांच्या पोर्तुगीज व्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे की विजयनगरचा त्याआधीचा राजा नरसिंह हजार परदावांना (परदाव म्हणजे तेव्हाचे सोन्याचे नाणे) तीन या दराने जिवंत किंवा मेलेले घोडे विकत घेई, आणि समुद्रात मेलेल्या घोड्याची नुसती शेपटी दाखवली तरी पैसे मिळत. आपल्याला असा राजा भेटणार नाही, तेव्हा वाक्य कागदावर लिहूनच घ्या.

प्रश्न : माझी मुलगी दहा वर्षांची असून तिला घोड्याची आवड आहे. बारा वर्षांचा घोडा म्हातारा वाटतो. त्याऐवजी शिंगरू घेऊन दोघांना बरोबरच वाढू द्यावे, असा विचार आहे. योग्य होईल का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : योग्य होणार नाही. शिंगराला साडेतीन-चार वर्षांपर्यंत नीट स्वारी सोसत नाही, त्याला शिकवायला सवयीचा माणूस लागतो, आणि शिकणारी मुलगी न शिकलेल्या घोड्यावर बसली की दोघेही एकमेकांची भीतीच शिकतात. बारा वर्षांचा, काम केलेला घोडा नीट सांभाळला तर पुढे आणखी आठ-दहा वर्षे सहज चालतो, म्हणजे आपल्या मुलीची शाळा-कॉलेज संपेपर्यंत. घेण्यापूर्वी दोन गोष्टी पाहा. पहिले वर्ष मुलीने दुसऱ्याच्या घोड्यावर नियमाने बसून, त्याचे खूर साफ करून, त्याला चारा-पाणी करून दाखवले पाहिजे. आणि दर सहा ते आठ आठवड्यांनी खूर छाटायला येणारा नालबंद आपल्या भागात मिळतो का, याची चौकशी घोडा घरी आणण्यापूर्वी करा, कारण आपल्याकडे घोड्यापेक्षा नालबंद शोधणे अवघड आहे.